झिरो माईलपासून साठ किलोमीटर: ‘नस्र’ क्षेपणास्त्राचा प्रकरण अभ्यास

नागपूरच्या नकाशात झिरो माईलच्या स्तंभावर कंपासचे टोक ठेवून साठ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पूर्वेकडे भंडारा शहर त्या रेषेच्या जेमतेम आत येते, पश्चिमेकडे काटोलही आत येते, रामटेक आणि उमरेड बरेच आत राहतात आणि वर्धा थोडक्यात बाहेर पडते. त्रिज्या सत्तर किलोमीटर केली की वर्धाही आत येते. ही अंतरे सरळ रेषेतली आहेत, रस्त्याची नव्हेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गाची सुरुवात याच वर्तुळापासून झाली. वर्गात संरक्षणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी होते, भौतिकशास्त्राचे काही होते, आणि तोफखान्यातून निवृत्त होऊन नागपुरात स्थायिक झालेले एक कर्नल मार्गदर्शनासाठी आवर्जून येत असत. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गणिताची बाजू माझ्याकडे आणि रणांगणाची बाजू कर्नलसाहेबांकडे अशी वाटणी आपोआपच झाली. अभ्यासासाठी घेतलेले प्रकरण होते पाकिस्तानच्या ‘नस्र’ अर्थात ‘हत्फ-९’ या कमी पल्ल्याच्या रणक्षेत्रीय क्षेपणास्त्राचे.

क्षेपणास्त्रांची ओळख आपल्याकडे सहसा पल्ल्यावरून करून दिली जाते. ‘अग्नी’ पाच हजार किलोमीटर, ‘पृथ्वी’ अडीचशे-साडेतीनशे किलोमीटर असे आकडे मुलांना पाठ असतात, आणि पल्ला मोठा तर शस्त्र मोठे असा समज त्यातून घट्ट होतो. ‘नस्र’चे प्रकरण मी मुद्दाम निवडले ते याच समजामुळे. येथे पल्ला लहान आहे म्हणूनच शस्त्र अवघड झाले आहे, आणि ती अवघड स्थिती समोरच्या सैन्यापेक्षा ते बाळगणाऱ्या सैन्याची अधिक आहे, असे माझे मत आहे. ते मत कोणत्या आकड्यांवर आणि कोणत्या घटनांवर उभे आहे, ते पुढे सविस्तर मांडतो.

प्रसंग

१९ एप्रिल २०११ रोजी पाकिस्तानने ‘नस्र’ची पहिली चाचणी घेतली. लष्कराच्या प्रसिद्धी विभागाने त्या दिवशी जाहीर केलेली वैशिष्ट्ये मोजकी होती. पल्ला साठ किलोमीटर, अण्वस्त्र वाहून नेण्याची क्षमता, उच्च अचूकता, आणि मारा करून ताबडतोब जागा सोडण्याची सोय. प्रक्षेपक चाकांच्या गाडीवर होता. पुढच्या चाचण्यांत चार क्षेपणास्त्रे एकापाठोपाठ डागून दाखवण्यात आली आणि जुलै २०१७ मध्ये पल्ला सत्तर किलोमीटरपर्यंत वाढवल्याचे सांगण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या.

साठ किलोमीटरवर अण्वस्त्र टाकण्याची गरज कोणाला आणि का वाटली, हे समजण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि भारताने ‘ऑपरेशन पराक्रम’च्या नावाने सीमेवर सैन्य उभे केले. अंबाला, मथुरा आणि भोपाळ येथील प्रहारक कोर, म्हणजे शत्रूच्या प्रदेशात खोल मुसंडी मारण्यासाठी राखून ठेवलेली मोठी चिलखती दले, आपापल्या जागी पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्या अवधीत पाकिस्ताननेही सैन्य हलवले, जगातल्या राजधान्यांतून दबाव आला आणि आश्चर्याचा धक्का देण्याची संधी निघून गेली. सुमारे दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये, सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. त्या अनुभवातून २००४ मध्ये ‘कोल्ड स्टार्ट’ या नावाने ओळखली जाणारी कल्पना पुढे आली. मोठ्या कोरची वाट न पाहता सीमेजवळच्या लहान, रणगाडे-तोफखाना-पायदळ एकत्र असलेल्या गटांनी दोन-तीन दिवसांत सीमा ओलांडायची, थोडीच जमीन घ्यायची, आणि अण्वस्त्र वापरण्याजोगी वेळ येण्यापूर्वी थांबायचे, असा तिचा गाभा होता. अनेक वर्षे सरकारी पातळीवर या नावाची कबुली दिली जात नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी ती उघडपणे दिली.

‘नस्र’ हे या कल्पनेला दिलेले उत्तर होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानचे तत्कालीन परराष्ट्र सचिव एझाज चौधरी यांनी, कमी शक्तीची अण्वस्त्रे ‘कोल्ड स्टार्ट’ रोखण्यासाठीच बनवल्याचे जाहीरपणे मान्य केले. आता या उत्तराच्या मार्गात आणखी एक गोष्ट आधीपासून उभी होती. ४ जानेवारी २००३ रोजी भारताच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने अण्वस्त्र धोरणाचा सारांश प्रसिद्ध केला होता. अण्वस्त्राचा प्रथम वापर भारत करणार नाही, परंतु भारतीय भूमीवर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्राचा हल्ला झाला, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि असह्य हानी करणारे असेल, असे त्यात म्हटले आहे. ‘कोठेही असलेल्या सैन्यावर’ हे शब्द विद्यार्थ्यांनी वहीत अधोरेखित करावेत असा माझा आग्रह होता, कारण सीमेपलीकडे गेलेली रणगाड्यांची तुकडी त्याच शब्दांत येते.

क्षेपणास्त्राचे गणित

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे, साध्या भाषेत, इंजिनाच्या जोरावर थोडा वेळ पळवलेला आणि मग फेकलेल्या दगडाप्रमाणे आपल्या वजनाने पडणारा गोळा. पल्ला साठ किलोमीटर असेल तर हवेचा विरोध सोडून हिशेब सोपा होतो. पंचेचाळीस अंशांत फेकले असता सर्वाधिक अंतर मिळते, आणि त्यासाठी लागणारा वेग अंतर गुणिले गुरुत्वत्वरण यांच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७० मीटर येतो. सर्वोच्च उंची पल्ल्याच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पंधरा किलोमीटर. उड्डाणाचा वेळ एकशे दहा सेकंद. हवेचा विरोध धरला तर वेग थोडा अधिक ठेवावा लागतो आणि वेळ थोडा वाढतो, तरी उत्तर दोन मिनिटांच्या आसपासच राहते. व्हरायटी चौकात गर्दीच्या वेळी सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात झिरो माईलवरून निघालेले क्षेपणास्त्र भंडाऱ्यात पोहोचलेले असते. हे वाक्य ऐकल्यावर वर्ग काही क्षण शांत झाला होता.

हेच गणित विद्यार्थ्यांनी भारताच्या ‘प्रहार’ या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर पडताळून पाहिले, कारण त्याचे जाहीर आकडे हाताशी आहेत. ‘प्रहार’ची पहिली चाचणी २१ जुलै २०११ रोजी, ‘नस्र’नंतर तीन महिन्यांनी, ओडिशातील चांदीपूर येथे झाली. १५० किलोमीटरचे अंतर त्याने सुमारे २५० सेकंदांत कापले आणि सुमारे पस्तीस किलोमीटर उंची गाठली, असे त्या वेळी सांगण्यात आले. आमच्या सूत्राने उंची साडेसदतीस किलोमीटर येते, म्हणजे जवळपास जुळते. वेळ मात्र १७५ सेकंद येतो आणि तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आहे. हा फरक का, यावर एक तास गेला आणि तो तास मला सत्कारणी लागलेला वाटतो. रॉकेटच्या इंजिनाला वेग गाठायला वेळ लागतो, दाट हवा सुरुवातीला आणि शेवटी खेचून धरते, आणि दिशा दुरुस्त करणाऱ्या क्षेपणास्त्राची वाट शुद्ध परवलयाची राहत नाही.

इंधनाचा मुद्दा थोडक्यात. ‘पृथ्वी’चे १९८८ मधले पहिले रूप द्रव इंधनावर चालणारे होते, आणि द्रव इंधनाच्या क्षेपणास्त्रासोबत रणभूमीवर गाड्यांचा ताफा आणि तयारीचा वेळ येतो. ‘नस्र’ आणि ‘प्रहार’ दोन्ही घन इंधनावरची आहेत. इंधन कारखान्यातच भरलेले असते, नळकांड्यात बंद असलेले क्षेपणास्त्र काही मिनिटांत डागता येते आणि गाडी तेथून निघूनही जाते. मारा करून जागा सोडण्याची जी सोय जाहीर झाली होती, तिचे मूळ या घन इंधनात आहे.

स्फोटाच्या गणिताने विद्यार्थ्यांचे पूर्वग्रह सर्वांत जास्त हलवले. स्फोटाच्या दाबाची त्रिज्या शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. हिरोशिमावरील बाँबची शक्ती सुमारे पंधरा किलोटन, म्हणजे पंधरा हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी होती. समजा रणक्षेत्रीय क्षेपणास्त्रावरील अस्त्र एक किलोटनचे आहे. शक्ती पंधराव्या हिश्शावर आली, तरी त्रिज्या पंधराव्या हिश्शावर येत नाही. ती सुमारे दोन-पंचमांश उरते, आणि क्षेत्रफळ सहाव्या हिश्शाएवढे. म्हणजे ‘लहान अण्वस्त्र’ हा शब्दप्रयोग वस्तीच्या दृष्टीने फसवा आहे. परंतु रणगाड्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. रणगाडा हा पोलादाचा डबा आहे. घर कोसळवणारा दाब त्याला उलथवू शकत नाही. एकमेकांपासून शंभर-शंभर मीटरवर आणि त्याहून दूर पसरलेल्या रणगाड्यांच्या तुकडीतले मोजकेच एका लहान स्फोटात निकामी होतील. संपूर्ण चढाई थांबवायची तर असे अनेक स्फोट लागतील. चार-चार क्षेपणास्त्रे एकापाठोपाठ डागण्याच्या चाचण्या का झाल्या, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतःच या गणितातून काढले. त्याला एक आर्थिक शेपूटही आहे: स्फोट लहान करायचा म्हणून प्लुटोनियम त्या प्रमाणात कमी लागते असे नाही, त्यामुळे रणगाड्यांवर खर्च केलेले प्रत्येक लहान अस्त्र हे मोठ्या अस्त्राच्या साठ्यातून कमी झालेले असते.

वर्गापुढे ठेवलेला प्रश्न

एवढी तयारी झाल्यावर वर्गाला प्रश्न दिला. तुम्ही चिलखती ब्रिगेडचे प्रमुख आहात, सीमा ओलांडून पंचवीस किलोमीटर आत आहात, आणि चार नळ्यांच्या काही गाड्या समोरच्या कालव्यामागे हलल्याची खबर आली आहे. पुढे काय कराल?

पहिले उत्तर आले, क्षेपणास्त्र हवेत पाडू. हे उत्तर फार काळ टिकले नाही. देशात विकसित होत असलेल्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचा वरचा थर पन्नास किलोमीटरहून अधिक उंचीवर काम करतो, आणि हे क्षेपणास्त्र पंधरा किलोमीटरच्या वर जातच नाही. खालच्या थरासाठी वेळ उरतो तो दोन मिनिटांचा. त्यातून शोधणे, ओळखणे आणि आदेश देणे वजा करायचे, तेही एका वेळी चार लक्ष्यांसाठी.

दुसरे उत्तर होते, गाडीच शोधून नष्ट करू. कर्नलसाहेबांनी १९९१ च्या आखाती युद्धाची आठवण दिली. इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांच्या फिरत्या प्रक्षेपकांचा शोध घेण्यासाठी अमेरिका आणि मित्रदेशांनी उघड्या वाळवंटात, आकाशावर संपूर्ण ताबा असताना, मोठ्या संख्येने विमाने कामाला लावली. युद्धानंतरच्या तपासणीत एकाही फिरत्या प्रक्षेपकाचा नाश निःसंशय सिद्ध झाला नाही. पंजाबात वाळवंट नाही. तेथे झाडी आहे, गावे आहेत, उसाची उंच शेते आहेत. शिवाय दुरून पाहणाऱ्याला नळ्यांची गाडी ही नळ्यांची गाडीच दिसते. आत साधी रॉकेटे आहेत की दुसरे काही, हे छायाचित्रातून कळत नाही.

तिसरे उत्तर, तुकड्या पांगवू, हे लष्करी दृष्टीने बरोबर होते आणि त्याची किंमतही त्यातच होती. पांगलेले सैन्य अण्वस्त्रापासून सुरक्षित असते, पण एका जागी जोर लावून फळी फोडण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. म्हणजे एकही क्षेपणास्त्र न डागता ‘नस्र’ने चढाईचा वेग कमी केला, असे म्हणता येते. शस्त्राला न्याय द्यायचा तर ही त्याची खरी क्षमता मान्य केली पाहिजे. ती मी वर्गात मान्य केली, आणि जुलै २०१७ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल कमर जावेद बाजवा यांनी ‘नस्र’मुळे ‘कोल्ड स्टार्ट’वर थंड पाणी पडले अशा आशयाचे जे उद्गार काढले, त्यांना काहीच आधार नव्हता असे मी म्हणणार नाही.

वावर कोणाचे

चर्चा येथे थांबली असती. मागच्या बाकावरचा, काटोलकडच्या शेतकरी घरातला एक विद्यार्थी नकाशाकडे बराच वेळ पाहत होता. तो उठून म्हणाला, “सर, हे तं त्यायच्याच वावरात पडन ना जी?”

म्हणजे, हे क्षेपणास्त्र त्यांच्याच शेतात पडेल ना? प्रकरणाचा कणा त्या एका प्रश्नात होता. लाहोर शहर वाघा सीमेपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. अमृतसर आपल्या बाजूला तीस किलोमीटरच्या आत. साठ किलोमीटर पल्ल्याची गाडी सीमेला चिकटून उभी करता येत नाही, कारण तोफखान्याच्या माऱ्यात ती सहज सापडेल. ती वीस-तीस किलोमीटर मागे ठेवली, तर तिचा मारा सीमेपलीकडे थोडाच पोहोचतो; आणि ज्या सैन्यासाठी ती बनवली, ते सैन्य तर त्या वेळी पाकिस्तानच्याच भूमीवर असणार. म्हणजे ज्या शस्त्राचा वापर गृहीत धरला आहे, तो स्वतःच्या कालव्यांवर, गव्हाच्या शेतांवर आणि गावांवर आहे. जमिनीलगत किंवा कमी उंचीवर स्फोट झाला तर उडालेली किरणोत्सारी धूळ वारा नेईल तिकडे जाते, आणि पंजाबातला वारा सीमा पाळत नाही.

हा अनुभव युरोपने आधी घेतलेला आहे. जून १९५५ मध्ये ‘कार्ट ब्लांश’ नावाचा नाटोचा सराव झाला. त्यात मुख्यतः पश्चिम जर्मनीच्या भूमीवर तीनशेहून अधिक अण्वस्त्रांचा वापर कागदावर दाखवण्यात आला, आणि सतरा लाख जर्मन मृत्युमुखी व पस्तीस लाख जखमी होतील असा अंदाज प्रसिद्ध झाला. ज्यांचे रक्षण करायचे त्यांनाच संपवणारे हे रक्षण आहे, हे जर्मन जनतेला त्या आकड्यांनी समजले. तरीही ‘ऑनेस्ट जॉन’, त्यानंतर ‘लान्स’, आणि पलीकडे सोव्हिएत संघाची ‘लुना’ आणि ‘तोचका’ अशी क्षेपणास्त्रे त्या भूमीवर तीस-पस्तीस वर्षे तैनात राहिली. २७ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जमिनीवरून डागण्याची कमी पल्ल्याची अण्वस्त्रे जगभरातून मागे घेण्याची घोषणा केली आणि ‘लान्स’ इतिहासजमा झाले. ज्या दोन महासत्तांकडे अशा शस्त्रांचा सर्वाधिक अनुभव होता, त्यांतल्या एकीने ती स्वतःहून सोडावीत, ही गोष्ट मला या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटते.

जमिनीच्या प्रश्नाला जोडूनच आदेशाचा प्रश्न येतो. शेकडो किलोमीटर मागे, डोंगरातल्या बोगद्यात ठेवलेल्या दीर्घ पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा आदेश राजधानीत राहू शकतो. त्याला घाई नसते. आघाडीपासून वीस किलोमीटरवर असलेल्या गाडीची स्थिती वेगळी आहे. ती शत्रूच्या हाती पडण्याची, तिचा रेडिओ संपर्क तुटण्याची, हवाई माऱ्यात ती नष्ट होण्याची शक्यता तासागणिक वाढत जाते. अधिकार वरच ठेवला तर गरजेच्या क्षणी आदेश पोहोचणार नाही, आणि अधिकार खाली दिला तर देशाच्या अस्तित्वाचा निर्णय एका मेजर-कर्नलच्या हाती जातो. पाकिस्तानने अधिकार केंद्रीय पातळीवरच ठेवल्याचे वारंवार सांगितले आहे, आणि शांतताकाळात ते खरेही असू शकते. परंतु युद्धाच्या तिसऱ्या दिवशी साठ किलोमीटरचा पल्ला हा शब्द पाळू देईल का, हा प्रश्न भूगोलच विचारतो. एप्रिल २०१३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष श्याम सरन यांनी एका भाषणात दुसरी बाजू स्पष्ट केली होती: अण्वस्त्रावर ‘रणक्षेत्रीय’ किंवा ‘सामरिक’ अशी कोणतीही चिठ्ठी लावलेली असली, तरी भारताच्या लेखी तो अण्वस्त्राचाच हल्ला. म्हणजे खालच्या अधिकाऱ्याने उचललेले लहान पाऊल आणि २००३ च्या धोरणातले प्रचंड प्रत्युत्तर यांच्यामध्ये पायऱ्या जवळजवळ नाहीतच.

कर्नलसाहेब या ठिकाणी माझ्याशी सहमत नव्हते. लहान हल्ल्याला खरोखर प्रचंड उत्तर दिले जाईल यावर शत्रूचा विश्वास बसला नाही, तर धाक कसला, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढण्याइतके माझ्याकडे काही नव्हते. मी एवढेच म्हणालो, की उत्तर म्हणून आपणही तशीच लहान अण्वस्त्रे बनवली असती तर पायऱ्या वाढल्या असत्या, पण प्रत्येक पायरीवर पाय घसरण्याची शक्यताही वाढली असती.

भारताने काय केले

‘प्रहार’ जाहीर झाले ते पारंपरिक स्फोटकांसाठी. लांबी सव्वासात मीटरच्या थोडी वर, वजन सुमारे १२८० किलो, स्फोटकांचा भार २०० किलो, आणि एका गाडीवर सहा क्षेपणास्त्रे. ‘पिनाका’ रॉकेटे चाळीस किलोमीटरपर्यंत आणि ‘पृथ्वी’ अडीचशेच्या पुढे. मधली पोकळी भरण्यासाठी हे क्षेपणास्त्र आहे, असे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने त्या वेळी सांगितले होते. पोकळी भरण्याचे काम पुढे दोन बाजूंनी झाले. वरच्या बाजूने ‘प्रलय’ आले. २२ आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी लागोपाठ दोन चाचण्या, १५० ते ५०० किलोमीटर पल्ला, घन इंधन, आणि उड्डाणात मार्ग बदलण्याची क्षमता. जुलै २०२५ मध्ये किमान आणि कमाल पल्ल्याच्या चाचण्या पुन्हा झाल्या. झिरो माईलवरून पाचशे किलोमीटरचे वर्तुळ काढले तर ते भोपाळ, जबलपूर, रायपूर आत घेऊन हैदराबादच्याही पुढे जाते.

खालच्या बाजूने ‘पिनाका’ वाढत गेली, आणि येथे नागपूर प्रकरणात प्रत्यक्ष येते. चव्वेचाळीस सेकंदांत बारा रॉकेटे सोडणारी, कारगिलमध्ये वापरलेली ही यंत्रणा मूळची क्षेत्रावर मारा करणारी. दिशादर्शन बसवलेल्या रॉकेटांनी तिचा पल्ला पंचाहत्तर किलोमीटरवर आणि नेम काही मीटरवर आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘पिनाका’च्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले आणि त्यांतला एक नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीशी होता. अंबाझरीचा आयुध कारखाना शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वर्गातल्या दोन मुलींचे वडील स्फोटकांच्या कारखान्यांत कामाला आहेत, आणि या भागात असे काम करणाऱ्या घरांत पाळी संपून माणूस परत येईपर्यंत जीव टांगणीला असतो, हे मला त्या दोघींकडूनच कळले. क्षमतेच्या कोणत्याही तक्त्यात न येणारी ही किंमत मला येथे नोंदवावीशी वाटली.

पंचाहत्तर किलोमीटरवर काही मीटरच्या नेमाने साधे स्फोटक टाकता येणे, ही ‘नस्र’च्या अगदी उलट दिशेची क्षमता आहे. ‘नस्र’ नेमाची उणीव शक्तीने भरून काढू शकते. नेम असलेल्या रॉकेटाला अणुशक्तीची गरजच उरत नाही, त्याच्या आदेशासाठी राष्ट्रप्रमुखाला उठवावे लागत नाही, आणि ते डागल्यावर मागे वावर शिल्लक राहते. प्रत्यक्ष घटनाही त्याच दिशेने गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोट येथे आणि मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये भारताने कारवाई केली, पण रणगाड्यांची तुकडी सीमेपार गेली नाही. विमाने, दूरवरून सोडलेली क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांनी ती लढली गेली. ज्या दारावर ‘नस्र’चा पहारा बसवला होता, त्या दारातून कोणी गेलेच नाही. पाकिस्ताननेही मे २०२५ च्या त्या चार दिवसांत ‘फतह’ मालिकेतली पारंपरिक रॉकेटे वापरल्याचे सांगितले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतंत्र लष्करी रॉकेट दल उभारण्याची घोषणा केली. लहान अण्वस्त्राच्या धाकाने चढाई अडवता येते, परंतु दूरच्या अचूक माऱ्याला त्याचे उत्तर नाही, हे दोन्ही बाजूंना कळल्याचे मी या घोषणेतून वाचतो.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांनी नकाशावर चारही वर्तुळे एकात एक काढली: साठ, सत्तर, दीडशे आणि पाचशे. काटोलचा तो विद्यार्थी पुन्हा उठला. दुरून पाहणाऱ्याला नळ्यांच्या गाडीतले काही कळत नाही असे आपण त्यांच्या गाडीबद्दल म्हटले. मग आपल्या ‘प्रलय’च्या गाडीकडे पाहणाऱ्याला तरी आत साधे स्फोटक आहे हे कसे कळणार, आणि त्याच्याकडे ठरवायला पाचच मिनिटे असतील तर तो काय समजून घेईल, असे त्याने विचारले. कर्नलसाहेबांनी त्याच्याकडून तो प्रश्न लिहून घेतला. पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत तो पहिला आहे.